पेढीचा वारस आणि जनतेची ठेव

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी गुलमंडीपासून सराफ्यापर्यंत पेढ्यापेढ्यांवर वहीपूजन होते. हिशेब आता संगणकात गेला असला, तरी गादीवर लाल चोपडी मांडण्याची रीत सुटलेली नाही. पहिल्या पानावर ‘श्री’ उमटते, शुभ-लाभ लिहिले जाते आणि पुष्कळ घरांत आजोबा नातवाचा हात हाती धरून पहिला आकडा त्याच्याकडून गिरवून घेतात. ही गादी पुढे कोणाकडे जाणार, हे त्या क्षणी न बोलता सर्वांना कळते. त्यात कोणालाही वावगे वाटत नाही आणि वाटण्याचे कारणही नाही. भांडवल घराचे, जोखीम घराची आणि पेढी बुडाली तर अब्रूही घराचीच जाते.

वारशाची ही जाण व्यापारी कुटुंबांच्या अंगी इतकी मुरलेली असते की, राजकारणाकडेही ती याच नजरेने पाहतात. निवडणुकीच्या दिवसांत एखादा तरुण उमेदवार पेढीवर येतो, वडीलधाऱ्यांच्या पाया पडतो. ‘‘आपण कोणाचे?’’ हा पहिला प्रश्न. वडिलांचे नाव ऐकताच शेठजींचा चेहरा उजळतो. ‘‘त्यांचे चिरंजीव का? या, बसा. चहा सांगा रे!’’ उमेदवार काय शिकला, त्याने आजवर काय केले आणि पुढे काय करणार, हे प्रश्न चहाबरोबर मागे राहतात. त्याच पेढीवर एखादा तरुण उधारीने माल मागायला आला असता, तर बाजारातली त्याची पत, मागची देणी आणि जामीनदार यांची चौकशी झाल्यावाचून त्याला कापडाचा एक तागाही मिळाला नसता.

शेठजींना दोष देणे सोपे आहे. पण त्यांच्या मनातला हिशेबही समजून घेतला पाहिजे. जुन्या पेढीशी व्यवहार करताना धोका कमी, हा बाजाराचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. जुन्या घराण्याच्या माणसाला दार ठोठावून भेटता येते, त्याचा स्वीय सहायक ओळखीचा असतो, दुकानासमोरच्या नाल्याचे काम अडले तर फोन कोणाला करायचा हे ठाऊक असते. नवा माणूस कसा निघेल, हे कोणी सांगावे? शिवाय घराण्यांचे काम डोळ्यांसमोर असते. छत्रपती संभाजीनगरच्या नळाला येणारे पाणी ज्या जायकवाडीचे आहे, त्या धरणाशी शंकरराव चव्हाण यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे. अशा माणसाच्या मुलाला मान मिळाला, तर त्यात कृतज्ञतेचा अंश असतोच.

तरीही येथे दोन वेगळी खाती एकमेकांत मिसळली जात आहेत. अविभक्त कुटुंबाची संकल्पना जैन व्यापाऱ्यांना समजावून सांगावी लागत नाही; प्राप्तिकराच्या विवरणपत्रात ‘एचयूएफ’ म्हणून ती दरवर्षी भेटते. तिला कर्ता असतो आणि जन्माने हक्क मिळालेले सहदायाद असतात. मतदारसंघाला कर्ता नसतो आणि त्यात कोणाचाही जन्मसिद्ध वाटा नसतो. मत ही जनतेची ठेव असते आणि तिची मुदत पाच वर्षांची असते. ठेव स्वीकारणाऱ्याचे निधन झाले म्हणून ती त्याच्या मुलाच्या नावे वर्ग होत नाही. ती ठेवीदाराला परत द्यावी लागते. मुलाला ती हवी असेल, तर त्याने स्वतःच्या पतीवर पुन्हा मागितली पाहिजे. जैन कुटुंबांना याहूनही जवळचा शब्द माहीत आहे तो देवद्रव्याचा. मंदिराचा भांडार सांभाळणारा विश्वस्त कितीही थोर असला, तरी ती थैली त्याच्या घरच्या तिजोरीत ठेवली जात नाही.

थोड्या घराण्यांच्या हाती सत्ता असण्याला राज्यशास्त्रात अल्पजनसत्ता म्हणतात आणि तिचे एक जुने उदाहरण जैनांच्या परिचयाचे आहे. वैशालीचे गणराज्य अभिमानाने सांगितले जाते. तेथे एकट्या राजाची मर्जी चालत नसे, सभेत विचारविनिमय होत असे, हे खरेच आहे. पण त्या सभेत बसण्याचा अधिकार क्षत्रिय कुळांच्या प्रमुखांना होता. शेतकऱ्याला, कारागिराला किंवा सार्थवाहाला नव्हता. १९५० च्या संविधानाने दिलेले गणराज्य या अर्थाने अगदी निराळे आहे. त्यात मोंढ्यातला हमाल आणि आडत्या यांच्या मताचे मोल एकच आहे. प्रश्न एवढाच की, मतदानाच्या दिवशी मिळणारी ही समानता उमेदवारीच्या दारापाशीही टिकते का?

मराठवाड्यापुरते पाहिले तर आरंभ फार आशादायक होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाचे वंशपरंपरागत राज्य संपले आणि त्यानंतर जे नेतृत्व वर आले, ते बहुतांशी खालून पायरी पायरीने चढलेले होते. पैठणच्या शेतकरी कुटुंबात जन्मलेले शंकरराव चव्हाण नांदेडच्या नगरपालिकेतून पुढे आले आणि दोनदा मुख्यमंत्री झाले. विलासराव देशमुख बाभळगावचे सरपंच होते, मग आमदार आणि पुढे मुख्यमंत्री झाले. गोपीनाथ मुंडे शेतकरी घरातून, विद्यार्थी चळवळीतून आणि आणीबाणीच्या तुरुंगवासातून घडले. रावसाहेब दानवे सरपंचपदापासून केंद्रीय राज्यमंत्रिपदापर्यंत पोहोचले. संदिपान भुमरे यांनी साखर कारखान्यात साधी नोकरी केली होती. पक्ष वेगवेगळे, स्वभाव वेगवेगळे. पण यांपैकी कोणालाही आमदारकी घरातून मिळाली नव्हती. ग्रामपंचायत, नगरपालिका, चळवळ अशी शिडी उभी होती आणि ती चढून ते वर गेले.

दुसऱ्या पिढीचे चित्र निराळे आहे. अशोक चव्हाण २००८ मध्ये मुख्यमंत्री झाले. पिता आणि पुत्र दोघेही मुख्यमंत्री होण्याचे राज्यातले हे पहिले उदाहरण ठरले. २०२४ मध्ये त्यांच्या कन्या श्रीजया चव्हाण भोकरमधून विधानसभेत गेल्या. लातूरमध्ये अमित देशमुख आणि धीरज देशमुख, बीडमध्ये पंकजा मुंडे आणि प्रीतम मुंडे, भोकरदनमध्ये संतोष दानवे, कन्नडमध्ये रावसाहेब दानवे यांच्या कन्या संजना जाधव. संदिपान भुमरे २०२४ मध्ये लोकसभेवर गेले आणि त्याच वर्षी पैठणच्या विधानसभेच्या जागेवर त्यांचे पुत्र विलास भुमरे निवडून आले. हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने मुलींना सहदायादाचा हक्क दिला. राजकीय घराण्यांनीही तो मोकळेपणाने दिलेला दिसतो. निलंग्यात तर २००४ साली नातू संभाजी पाटील निलंगेकर यांनी माजी मुख्यमंत्री असलेल्या आजोबांनाच, शिवाजीराव पाटील निलंगेकर यांना, हरवले. २०१९ मध्ये परळीत पंकजा मुंडे यांचा पराभव त्यांचे चुलतबंधू धनंजय मुंडे यांनी केला. अशा लढतींत मतदार सत्ता बदलतो. पण बदलानंतरही ती त्याच वाड्यात राहते.

शहरही याला अपवाद नाही आणि जैन समाजालाही येथे स्वतःकडे पाहावे लागते. स्वातंत्र्यसैनिक आणि राज्याचे मंत्री राहिलेले जवाहरलाल दर्डा यांचे एक पुत्र विजय दर्डा राज्यसभेत होते, तर दुसरे पुत्र राजेंद्र दर्डा या शहरातून विधानसभेत आणि पुढे मंत्रिमंडळात गेले. आपल्यातला माणूस मंत्री झाला याचा समाजाला आनंद झाला, तो स्वाभाविकच होता. २०१४ मध्ये औरंगाबाद पूर्वची ती जागा अतुल सावे यांनी जिंकली. तेही माजी खासदार मोरेश्वर सावे यांचे पुत्र. या साऱ्यांच्या कामाचे मोजमाप येथे करायचे नाही. वारस कर्तबगार असू शकतो, जसा तो पेढीवरही असतो. मात्र घराणेशाही दुसऱ्यांकडे आहे तोवर ती दोष आणि आपल्यांकडे आली की ती परंपरा, असा दुहेरी हिशेब कोणत्याही लेखापरीक्षकाला मान्य होणार नाही.

हा वारसा चालतो कसा? जपानमध्येही राजकीय घराणी मोठी आहेत आणि तेथील लोक त्यांच्या यशाचे मर्म तीन शब्दांत सांगतात: जिबान, कानबान आणि काबान. म्हणजे बांधलेला मतदारसंघ, नावाची पाटी आणि पैशाची थैली. बाजारपेठेतल्या माणसाला हे लगेच उमगेल. दुकानाची जागा, दुकानाची पाटी आणि गल्ला तयार मिळाला, तर नव्या मालकाला फक्त गादीवर बसायचे असते. नवख्याला या तिन्ही गोष्टी शून्यातून उभ्या कराव्या लागतात. विधानसभेच्या उमेदवाराला मोठ्या राज्यांत ४० लाख आणि लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख रुपयांपर्यंत खर्च करण्याची मुभा निवडणूक आयोगाने २०२२ पासून दिली आहे. ही केवळ कायदेशीर मर्यादा आहे. तेवढीही रक्कम पगारदार किंवा छोट्या दुकानदाराच्या आवाक्यात नसते.

महाराष्ट्रात यात सहकाराची भर पडते. विठ्ठलराव विखे पाटील यांनी अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या साथीने प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभारला, तेव्हा सावकार आणि खासगी कारखानदार यांच्या पकडीतून शेतकऱ्याला सोडवणे हा हेतू होता. सहकाराचा पाया म्हणजे एक सभासद, एक मत. भाग दहा असोत की हजार. कंपनीपेक्षाही लोकशाहीला जवळचे असे हे तत्त्व. पण कालांतराने उसाची तोड कोणाची आधी, जिल्हा बँकेचे कर्ज कोणाला, शिक्षणसंस्थेत नोकरी कोणाला, हे ठरवणारे हात एकाच घरचे झाले. मत एकच राहिले. मात्र ते देणारा सभासद तोडीच्या पाळीची वाट पाहत बांधावर उभा होता. विखे घराण्याची चौथी पिढी आज राजकारणात आहे आणि राज्यातल्या अनेक कारखान्यांची कहाणी याच वळणाने गेली आहे.

यावर कोणी म्हणेल, काम होत असेल तर बिघडले कोठे? त्याचे उत्तर बँकेच्या कोणत्याही शाखेत मिळेल. तेथे अधिकाऱ्याची दर काही वर्षांनी बदली होते. तो अप्रामाणिक आहे म्हणून नव्हे, तर एकाच खुर्चीवर फार काळ बसलेल्याचे हिशेब तपासणे इतरांना अवघड जाते म्हणून. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे असतात आणि एकाने केलेली नोंद दुसरा तपासतो. कंपनी कायदा २०१३ स्वतंत्र संचालकाला सलग दोनच कार्यकाळ देतो, तर नोंदणीकृत बाजारात व्यवहार होणाऱ्या कंपन्यांच्या लेखापरीक्षक संस्थेला दहा वर्षांनंतर बाजूला व्हावे लागते. सहकारी बँकांच्या संचालकांना २०२० च्या दुरुस्तीने सलग आठ वर्षांची मर्यादा घातली गेली आणि २०२५ च्या दुरुस्तीने ती दहा वर्षांची झाली. ठेवीदारांच्या पैशासाठी कायद्याने एवढी दक्षता घेतली; राज्याच्या तिजोरीवर देखरेख ठेवणाऱ्याला मात्र अशी कोणतीच मर्यादा नाही. तो तीस वर्षे बसू शकतो आणि उठताना खुर्ची मुलाकडे सरकवू शकतो. मग मागच्या नोंदी तपासणार कोण? मुलाने वडिलांच्या चुका काढाव्यात, अशी अपेक्षा आपल्या संस्कारांत तरी कोणी करत नाही.

याहून मोठी हानी दिसत नाही, कारण ती न आलेल्या माणसांची असते. छत्रपती संभाजीनगर महानगरपालिकेची निवडणूक एप्रिल २०१५ मध्ये झाली. २०२० च्या एप्रिलमध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि तेव्हापासून पाच वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाकडे राहिला. जिल्हा परिषदेची मुदतही २०२२ मध्ये संपली. आधी साथरोग, मग आरक्षणाचा वाद. अखेर मे २०२५ मध्ये निवडणुका घेण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला. २०२० साली पंचविशीत असलेली, आपल्या वॉर्डातल्या पाण्यासाठी आणि कचऱ्यासाठी धडपडणारी एखादी तरुणी डोळ्यांसमोर आणावी. उमेदवारीचा अर्ज भरण्याच्या नुसत्या संधीची वाट पाहण्यात तिची तिशी आली. एवढ्यात तिचे लग्न झाले असेल, नोकरीनिमित्त ती पुण्याला गेली असेल. घराण्यातल्या तरुणाचे या काळात काही बिघडत नाही. त्याला नगरसेवकपदाच्या पायरीची गरजच नसते. ज्या शिडीने पहिली पिढी वर चढली, ती अशी वर्षानुवर्षे भिंतीला टेकवून न ठेवता गोदामात पडून राहिली, तर वरच्या मजल्यावर तेथेच जन्मलेले लोक राहतील, हे उघड आहे.

असे असूनही याच शहराच्या इतिहासात एक दिलासा आहे आणि तो फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. औरंगाबाद लोकसभा मतदारसंघात वडिलांच्या पाठोपाठ मुलगा किंवा मुलगी खासदार झाल्याचे एकदाही घडलेले नाही. १९५७ मध्ये येथून स्वामी रामानंद तीर्थ निवडून आले. संन्यासीच तो, वारसाचा प्रश्नच नव्हता. १९७७ मध्ये समाजवादी डॉक्टर बापू काळदाते, १९८० मध्ये उर्दू कवी काझी सलीम, १९८९ आणि १९९१ मध्ये मोरेश्वर सावे, १९९९ पासून सलग चार वेळा चंद्रकांत खैरे आणि २०१९ मध्ये पत्रकारितेतून आलेले इम्तियाज जलील. त्यांची मते एकमेकांशी जुळणारी नाहीत आणि प्रत्येकाचे विरोधकही तितकेच ठाम आहेत. पण संन्यासी, डॉक्टर, कवी आणि पत्रकार यांना एकाच मतदारसंघाने दिल्लीला पाठवावे, ही गोष्ट लहान नाही. एखाद्या कारखान्याच्या किंवा एकाच संस्थेच्या आधारावर न जगणारा, निरनिराळ्या धंद्यांचा, धर्मांचा आणि भाषांचा मतदार जेथे असतो, तेथे जागा कोणाच्या घरची होत नाही. घराणेशाही ही मराठी माणसाच्या कपाळी लिहिलेली नसून, ती परिस्थितीतून घडते आणि परिस्थितीनेच मोडतेही.

मग कायद्यानेच बंदी घालावी का? फिलिपिन्सने तो प्रयत्न केला. १९८७ च्या संविधानात तेथे राजकीय घराणेशाहीला मनाई लिहिली गेली. मात्र घराणेशाही म्हणजे काय, हे ठरवण्याचे काम संसदेवर सोपवले गेले. संसदेत बसले होते घराण्यांचेच लोक. तीन दशके उलटून गेली तरी ती व्याख्या ठरली नव्हती. शिवाय एखाद्याने कोणाच्या पोटी जन्म घेतला, एवढ्यावरून त्याला निवडणुकीपासून रोखणे न्यायाचेही नाही. उपाय याहून साधे आणि कष्टाचे आहेत. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका वेळेवर व्हाव्यात, पक्षांनी आपल्या घटनेप्रमाणे अंतर्गत निवडणुका खऱ्या अर्थाने घ्याव्यात आणि उमेदवारी देताना कार्यकर्त्यांचे मत विचारावे.

आणखी एक उपाय मात्र कोणत्याही सरकारची वाट न पाहता करता येतो. समाजाच्या आपल्या संस्था पाहाव्यात. मंदिर, स्थानक, पांजरपोळ, वसतिगृह, पतसंस्था, शाळा. सार्वजनिक न्यास कायद्याप्रमाणे हिशेब दरवर्षी सादर होतात, बहुधा चोखही असतात. पण विश्वस्तांच्या नावांचा फलक वाचला, तर किती ठिकाणी आजोबा, वडील आणि नातू एकाखाली एक दिसतात! देणगी मोठी दिली म्हणून विश्वस्तपद मिळाले, ते समजण्यासारखे आहे. ते मुलाकडे कोणत्या ठरावाने गेले? ‘‘दुसरे कोणी पुढे येत नाही हो,’’ हे उत्तर संघाच्या सभेतही ऐकू येते आणि पक्षाच्या कार्यालयातही. पुढे येणाऱ्यासाठी खुर्ची रिकामी ठेवली होती का, हे दोन्हीकडे कोणी विचारत नाही. विश्वस्तांना दोन कार्यकाळांची मर्यादा घालणारा एक साधा ठराव सर्वसाधारण सभेत मांडता येईल. ज्या समाजाने स्वतःच्या वसतिगृहात हे करून दाखवले, त्याला राजकीय पक्षांकडे बोट दाखवण्याचा अधिकार अधिक असेल.

राहिला पेढीवर येणारा उमेदवार. त्याचे स्वागत अवश्य व्हावे, चहाही द्यावा. घरी आलेल्याचा मान ठेवणे हा संस्कारच आहे. फक्त ‘आपण कोणाचे’ या प्रश्नानंतर आणखी दोन प्रश्न विचारावेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निर्णयांमुळे प्रत्येक उमेदवाराला नमुना २६ मध्ये शपथपत्र द्यावे लागते. त्यात स्वतःची, पत्नीची किंवा पतीची आणि अवलंबितांची मालमत्ता, कर्जे, प्रलंबित खटले आणि शिक्षण यांचा तपशील असतो. ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येते. घरातल्या सीए झालेल्या मुलाला किंवा सुनेला ते दहा मिनिटांत उघडून देता येईल. पाच वर्षांपूर्वीचे शपथपत्र शेजारी ठेवून दोन्ही ताळेबंद जुळवून पाहावेत, जसे उधारी वाढवून मागणाऱ्या गिऱ्हाइकाचे पाहिले जातात. मग त्याच्यासमोर उभा असलेला, वडिलांच्या नावाची पाटी नसलेला उमेदवार कोण आहे, याचीही चौकशी करावी आणि त्यालाही एकदा पेढीवर बोलावून चहा द्यावा.